पटाच्या माइकवरचा ‘आयटम’

काल एक माणूस वारला. मला वाईट वाटलं नाही.

सकाळपासून गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतो आहे. हातात माइक, तोंडात तंबाखूचा खर्रा.

‘झाडीपट्टीचा आवाज हरपला.’
‘असा कॉमेंट्रीवाला पुन्हा होणे नाही.’

खाली त्याचे फेमस शब्द. झकास. खल्लास. फुल टू. एक नंबर. कोणी लिहितो, काय दिवस होते ते, आम्ही तर त्याच्यामुळेच बोलायला शिकलो.

खरं आहे. म्हणूनच लिहितो आहे.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्याकडे धान निघालं की शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. नव्वदच्या दशकात पट म्हटला की माइक आला, आणि माइक म्हटला की हा माणूस. चंद्रपूरच्या टॉकीजबाहेर, पानठेल्यावर जो शब्द नवा निघायचा, तो हा आमच्या बांधावर आणून सोडायचा. पोरं मग वर्षभर तोच चघळायची.

त्या वर्षी त्याने ‘आयटम’ आणला होता.

माझी बहीण तेव्हा दहावीला होती. आमच्या गावातून तालुक्याच्या शाळेत सायकलने जाणारी ती पहिली मुलगी. रस्ता सगळा जंगलाचा. तिच्या सायकलच्या चेनला बाबा स्वतः तेल घालायचे. भेटेल त्याला सांगायचे, पोरगी मास्तरीण होणार आहे.

पटात बाबांची जोडी होती. ती त्यांचा डबा घेऊन आली. माइकच्या मंडपासमोरून जाताना याने तिला पाहिलं.

आधी बाबांचं नाव घेतलं. मग तिचं. पूर्ण नाव, माइकवर.

“भाऊ, तुमची जोडी राहू द्या मागं. हा आयटम सोडा समोर. पट इथीच खल्लास.”

अख्खा पट हसला.

ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

बाबा दुसऱ्या टोकाला होते, जोड्या सुटतात तिथे, बैल धरून. त्या गलक्यात भोंग्यातलं काही समजत नव्हतं. आपलं नाव तेवढं कळलं. लोक हसून आपल्याकडे बघतात, म्हणजे जोडीचं कौतुक झालं असणार, असं त्यांना वाटलं. आणि आमच्याकडे रीत आहे, माइकवाल्याने जोडी वाखाणली की मालकाने त्याला दुपट्टा घालायचा.

माझे बाबा मैदान ओलांडून आले. मंडपात चढले. त्या माणसाच्या गळ्यात दुपट्टा घातला आणि त्याला हात जोडले.

लोक पुन्हा हसले.

हा माइकवर म्हणाला, “घ्या. बापाची परमिशन भेटली.”

घरी येताना वाटेत कोणीतरी बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं. मग सायकल उचलली आणि गोठ्याच्या आड्याला टांगली.

बहीण रडत विचारत होती, माझं काय चुकलं.

“तुहं काई नाई चुकलं, बाई,” बाबा म्हणाले. “पण मले आता त्या रस्त्यानं तुले धाडवत नाई.”

ती दहावीच्या परीक्षेला बसली नाही. बाबांनी पुन्हा कधी पटात जोडी नेली नाही. गावातली पोरं मात्र ‘आयटम’ पुढे कितीतरी वर्षं बोलत राहिली. आमच्या दारावरून जाताना जरा मोठ्याने.

आज ती अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका व्हायला दहावी लागत होती. लेकरांना गाणी तीच शिकवते, झाडूही तीच मारते.

‘तेव्हा सगळं चालायचं’ असं आज दोघा-तिघांनी लिहिलं आहे. चालायचं, कारण ज्यांना चालत नव्हतं त्यांच्या हातात माइक नव्हता.

काही वर्षांपूर्वी हा मला ब्रह्मपुरीला एका लग्नात भेटला. मी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. वय झालेला माणूस, एक शब्द तरी बोलेल असं वाटलं होतं.

त्याला तिचं नाव आठवेना. दुपट्टा आठवत होता.

“अरे, तुह्या बाबानं तं सोता येऊन दुपट्टा घातला मले. राग आला असता तं घातला असता काय? तवा तसंच बोलत होते सारे. मनावर काऊन घेतो?”

आणि पंगतीत जाऊन बसला.

बाबा तोवर गेले होते. बरं झालं.

आज सकाळी देवाजवळ दिवा लावला. गेलेल्या माणसासाठी हात जोडावेत, एवढं घरात शिकलो आहे. शब्द आले नाहीत. देवापुढे खोटं बोलायचं नाही म्हणून तसाच उठलो.

मग बहिणीला फोन केला. म्हटलं, बाई, आज त्याच्यावर लिहितो. नावासकट. सगळ्यांना कळू दे.

तिच्या मागे लेकरांचा कल्ला चालला होता.

“लिही भाऊ,” ती म्हणाली. “पण नाव नको टाकू.”

मी विचारलं, काऊन?

“त्याले दोन पोरी हायेत. त्यायच्यावर कोणी हसलं नाई पाहिजे.”

म्हणून नाव टाकलं नाही. ज्यांनी ओळखलं असेल त्यांनी कमेंटमध्येही टाकू नये.

त्या दोघींचा बाप गेला आहे. देव त्यांना बळ देवो. हे मनापासून.

त्याच्यासाठी माझ्याकडे श्रद्धांजली नाही.

गेला. एवढंच.