नाक्यापलीकडचं रान

आमच्या आत्यानं उभ्या जन्मात एक गोष्ट मानली नाही, ती म्हणजे राज्याची हद्द. ती राहायची उदगीरला, लेकीकडं. आणि सासरचं रान नाक्यापलीकडं, कर्नाटकात. त्याच रानात तिच्या यजमानांची, आमच्या मामांची समाधी. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. मामा तिथं बांधाकडेला पंधरा वर्षं बसून होते आणि आत्या दर सोमवारी बेल घेऊन त्यांच्याकडं जायची. पावसापाण्यानं तिचा सोमवार कधी चुकवला नाही, मग सरकारचं काय घेऊन बसलात!

सीमेवरून कुणी पुढारी काही बोलला, की नाक्यावर दगड पडायचे आणि दोन्हीकडच्या बसगाड्या बंद व्हायच्या. मग तर आत्याला चेवच यायचा. पायी निघायची. मराठी शिपायाशी कानडीत भांडायची आणि कानडी शिपायाशी मराठीत. समोरच्याला उत्तर सुचू नये, एवढाच हेतू. एकदा एका तरुण हवालदारानं तिला आडव्या बांबूपाशी अडवलं.

"कुठं निघालाव, आजी?"

"नवऱ्याकडं."

"मग त्यांनाच बोलवा की इकडं."

"तूच बोलीव, तम्मा. त्या रानात बसवलाय त्याला. पंधरा वर्षं झाले, माझं काई ऐकंना."

हवालदारानं रानातली समाधी पाहिली, हातातला बेल पाहिला आणि बांबू वर केला.

मला मात्र ती बजावायची, "मला त्यांच्या शेजारीच बसवा. नाका बंद हाय म्हणून इकडं कुठं ठेवलाव, तर उठून चालत जाईन बघा!" मी पडलो सरकारी नोकर, जन्माचा भित्रा. हाव हाव म्हणून वेळ मारून न्यायचो.

गेल्या वर्षी आत्या गेली, तीही नेमका नाका बंद असताना. जावई म्हणाले, "इथंच उरकू, कशाला झंझट?" मी नाही म्हणालो. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं. कपाळभर विभूती लावलेल्या आत्याला जीपमध्ये मधोमध बसवलं आणि निघालो. नाक्यावर साहेबानं हात केला. "रस्ता बंद आहे. कुठं निघालात?"

मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "आत्याला नवऱ्याकडं सोडायला."

त्यानं आत डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि बांबू वर केला.

आता सोमवारचा बेल मी नेतो. बांधावरून आडवाट आहे, पण मी नाक्यावरूनच जातो. कुणी अडवलं तर भांडायचं, हे ठरलेलंच आहे. कानडी तेवढी मला येत नाही, आणि भांडण तिथवर आलं की आत्याची फार आठवण येते.