मामांच्या नावापुढचा शेरा

जिना चढायची कला खऱ्या अर्थाने अवगत असलेला माणूस सबंध कांदिवली पूर्वेला एकच आहे आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. बाकीचे आपण नुसते चढतो. पाय उचलला, टाकला, घर आलं, संपलं. मामांना आमच्या बिल्डिंगचे चार मजले चढायला पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात ते बिल्डिंगची जी कसून तपासणी करतात ती बांधणाऱ्या बिल्डरनेही कधी केली नसेल. लिफ्ट नाही. पहिल्या वळणावर मामा थांबतात, कठड्याला हात टेकतात आणि भिंतीकडे रोखून बघू लागतात. आपण मागून आलो की मान न वळवता म्हणतात, "सेक्रेटरीनू, हंय ओल इली हा." पुढच्या वळणावर त्यांना मीटरच्या पेटीचं दार उघडं सापडतं, त्याच्या पुढच्या वळणावर कुणीतरी जिन्यात लावून ठेवलेली सायकल. "दम लागला का?" असं विचारायची सोय नाही. आमच्या चेअरमननी एकदा विचारलं, तर मामांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "माका दम लागणा नाय. मी बघतंय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गच्चीच्या टाकीबद्दल दोन पानी तक्रार अर्ज आला. सोसायटीचा सेक्रेटरी मी, त्यामुळे हे सगळे अर्ज माझ्याकडे येतात. आमची बिल्डिंग शेजारच्या बिल्डिंगींपेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसते याचं श्रेय कमिटी दर वार्षिक सभेत स्वतःकडे घेते. खरं श्रेय मामांच्या फुफ्फुसांचं आहे. चौथ्या मजल्यावर धडधाकट छातीचा माणूस राहायला असता तर आमचा जिना कधीच बसला असता.

ही फुफ्फुसं मामांनी गिरणीत कमावली. मालवणजवळच्या गावातून सतराव्या वर्षी मुंबईला आले ते थेट कापूस पिंजायच्या खात्यात उभे राहिले. गिरणी बंद पडली, मामा कांदिवलीला आले, मामी गेली, पण कापूस काही छातीतून गेला नाही. त्यात बिडीने आपला हात लावला. बिडी सोडून वीस वर्षं झाली असं मामा सांगतात. मी त्यांना अठरा वर्षं ओळखतो आणि पहिल्या भेटीतही त्यांनी वीसच सांगितली होती. डॉक्टर त्या आजाराला सीओपीडी म्हणतात. मामा त्याला "माझो कापूस" म्हणतात. "छातीत एक गादी भरात एवढो कापूस आसा," हे ते पाहुण्यांना अशा थाटात सांगतात की पाहुण्याला आपल्या रिकाम्या छातीची लाज वाटावी. तोंडातून औषध ओढायचा पंप शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी. कुणाशी वाद रंगला की ऐन मुद्द्यावर मामा बोट वर करून समोरच्याला थांबवतात, पंप काढतात, दोनदा ओढतात, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरतात आणि मग उत्तर देतात. तोवर समोरचा आपला मुद्दा विसरलेला असतो. मामा आजवर एकही वाद हरलेले नाहीत.

मग कोरोना आला. ज्या खोकल्यावर अख्खी बिल्डिंग सकाळी दुधाचं भांडं चुलीवर ठेवायची, तोच खोकला आता दारं बंद करायला लावू लागला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काढे, वाफा, कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या यांचा पूर आला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी मामांनाही पुरचुंडी हुंगायला दिली. मामा पुढचा अर्धा तास पंप ओढत बसले आणि ताईंनी ग्रुपवर लिहिलं की काकांचा कफ सुटतोय. त्यानंतर बोटाला लावायची ती ऑक्सिमीटरची चिमटी घरोघरी आली आणि लोकांना दहावीचा निकाल पुन्हा लागल्याचा आनंद झाला. "आमच्या बंटीला नव्याण्णव!" "आमच्या ह्यांना सत्त्याण्णवच, पण ते नखं वाढवतात ना, म्हणून." मामांना नव्वद. कधी एक्क्याण्णव, कधी एकोणनव्वद. लोक हळहळले. मामा म्हणाले, "आमच्या वेळेक पस्तिसाक पास करीत. नव्वद म्हणजे मी बोर्डात इलंय!"

पण सोसायटीचा नियम चौऱ्याण्णवचा होता. गेटवर आम्ही एक टेबल मांडलं होतं, त्यावर चिमटी, सॅनिटायझरची बाटली आणि एक जाडजूड रजिस्टर. सकाळी टेबलावर मी बसायचो. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव, आकडा आणि शेवटच्या रकान्यात शेरा. सकाळी दूध आणायला उतरलेल्या मामांचा पहिल्या दिवशी एकोणनव्वद आला आणि चेअरमन दोन पावलं मागे सरले. "सेक्रेटरी, वाट लागली ना! फोन लावा!" महापालिकेची गाडी आली, मामांची तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली, तरीही चेअरमननी खबरदारी म्हणून मामांच्या दाराला पंधरा दिवस लाल पट्टी चिकटवली. सोळाव्या दिवशी मामा दूध आणायला उतरले, आकडा नव्वद. पुन्हा गाडी, पुन्हा पट्टी. तिसऱ्या वेळी गाडीवाल्यांनीच हात जोडले, आणि मग कमिटीने ऑनलाइन सभा घेऊन ठराव मंजूर केला की चौथ्या मजल्यावरील ज्येष्ठ सभासदांना ऑक्सिजनच्या नियमातून कायमची सूट देण्यात येत आहे. अनुमोदक मी. फुफ्फुसांना ठरावाने सूट देणारी आमची बहुधा पहिलीच सोसायटी असेल. तेव्हापासून मामांचा जो काय आकडा येईल तो मी लिहायचो आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो, "नेहमीचंच". पुढे पुढे तर मी आकड्याकडे न बघताच शेरा आधी लिहून ठेवू लागलो.

दुसऱ्या लाटेत एका सोमवारी मामांचा सत्त्याऐंशी आला. नेहमीचंच. मंगळवारी शहाऐंशी. नेहमीचंच. ताप नव्हता, खोकला रोजचाच होता, आणि मामांनी मास्क घातला होता, त्यामुळे चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. बुधवारी चौऱ्याऐंशी आला. ते लिहून मी टेबल आवरलं आणि त्यांच्या मागोमाग जिना चढू लागलो. पहिल्या वळणावर मामा कठड्याला टेकून उभे होते. मी मनातल्या मनात अर्जाची तयारी केली. पण मामा भिंतीकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे वळले, थोडा वेळ तसेच राहिले आणि म्हणाले, "बिल्डिंग बरी ठेवल्यात हां." मग पायरीवर बसले. "तुम्ही जावा. मी येतंय."

अठरा वर्षांत पहिल्यांदा कौतुक! मी दोन-दोन पायऱ्या एका दमात चढून दुसऱ्या मजल्यावर घरी आलो आणि हिला बातमी दिली. ही मामांच्या डब्यासाठी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"काहीच काढलं नाही त्यांनी? ओल, सायकल, काहीच?"

"काहीच नाही! बरी ठेवलीय म्हणाले. आणि चक्क बसले पायरीवर."

"बसले?" ती म्हणाली. "अरे, माझा मामा कुणासमोर कधी बसलाय का जिन्यात? आणि तू खूश होऊन वर आलास?" गॅस बंद करायचंही भान तिला राहिलं नाही. ती पिठाच्या हातांनीच खाली धावली. मी तिच्या मागे पोचलो तेव्हा मामा भिंतीला डोकं टेकून बसले होते, ओठ निळसर झाले होते आणि ही त्यांच्या छातीवर हात ठेवून मोठमोठ्याने श्वास मोजत होती.

रुग्णवाहिकेत बसताना मी गेटवरचं रजिस्टर बरोबर घेतलं. का घेतलं ते मला अजूनही सांगता येत नाही. सेक्रेटरी माणूस, कागदाशिवाय कुठे जायची सवय नाही. इस्पितळाच्या दारात पांढऱ्या पोशाखात नखशिखान्त गुंडाळलेली एक तरुण डॉक्टर होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "यांचा एरवीचा ऑक्सिजन किती असतो?" मी रजिस्टर पुढे केलं. तिने पानं उलटली. "रोजचं लिहिलंय? वर्षभराचं? अहो, हे कुणीच आणत नाही." आतल्या नर्सला तिने ओरडून सांगितलं, "जुना सीओपीडी आहे, नेहमीचं नव्वद. नव्वदच्या आसपासच ठेवा, शंभरावर न्यायचं नाही, त्यांना ते सोसणार नाही!" माझी छाती अभिमानाने फुगली, हे मी लपवणार नाही. मग ती शेवटच्या पानावर आली. हातमोज्यातलं बोट सोमवारवर थांबलं, मंगळवारवर, बुधवारवर.

"हा शेरा कुणी लिहिलाय?"

"मी."

"तुमच्या-माझ्यासारख्याला चार-पाच आकडे खाली यायला जागा असते," ती अगदी हळू म्हणाली. "यांच्याकडे शिल्लक काहीच नसतं. सोमवारीच आणायला हवं होतं." रजिस्टर माझ्या हातात देऊन ती आत गेली. ती माझ्यावर रागावली असती तर फार बरं झालं असतं.

चोवीस दिवसांनी मामा घरी आले. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना चार मजले वर नेलं. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असतं आणि नाकाला लावलेली नळी जेमतेम खिडकीपर्यंत पोचते. मामा आता एका दमात तीन-चार शब्दच बोलतात. मी रोज संध्याकाळी जातो, इकडचं तिकडचं बोलतो आणि जे बोलायला गेलेलो असतो ते न बोलता परत येतो. असे दोन महिने काढले. परवा मात्र खाली बघत सगळं सांगून टाकलं. तीन दिवसांचे आकडे, तीन दिवसांचा शेरा, डॉक्टर काय म्हणाली ते. "मामा, मी आकडा लिहिला, पण तुमच्याकडे बघितलंच नाही."

यंत्र चालू होतं. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"मगे आता बघा," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी बघितलं. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते, गळ्याशी खड्डा पडत होता, पोट आत ओढलं जात होतं, आणि तो श्वास हळूहळू ओठांतून सोडून होतो न होतो तोच पुढच्याची तयारी सुरू व्हायची. हा माणूस माझ्याशी वाद घालत होता, हसत होता, दूध घेऊन चार मजले चढत होता, तेव्हाही थोडंफार हेच चाललं होतं. मी अठरा वर्षं त्याची गंमत करत आलो होतो. माझा स्वतःचा श्वास कधी आत गेला आणि कधी बाहेर आला हे मला सांगता आलं नसतं. मला मनापासून लाज वाटली आणि त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. मी घेतला.

मामांनी डोळे किलकिले केले. "जेवूक जावा," ते म्हणाले. मग थांबले, एक श्वास घेतला. "भाची वाट बघीत असात."

"बसतो थोडा वेळ," मी म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.