पदरातली धूळ

उमरग्याच्या बिस्मिल्लाबीनं उभा जन्म लोकांचा केर धुण्यात घालवला. सोनारांच्या दुकानातला केर विकत आणायचा, लाकडी काठवटीत पाण्यानं घोळायचा आणि तळाशी उरेल ते शिसं घालून घरामागच्या भट्टीत गाळायचं, की गुंजभर सोनं निघे. हे काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणत. त्या केरात पानाच्या पिचकाऱ्या, केस, नखं, काय नसे! शिसारी यायची तिला, पण पोटासाठी गिळायची.

निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तिची दीड वर्षाची नात ताहेरा वाळत चालली, पोट धरून कळवळायची. दवाखान्यात डॉक्टरांनी हिरडीवरची निळसर रेघ दाखवली. "शिसं जातंय पोटात, बहुतेक घरातल्या धुळीतून. कुठून येतं ते शोधा, नाहीतर पोर हातची जाईल."

बिस्मिल्लाबीनं न शोधताच ठरवून टाकलं. शेजारचा शिवप्पा मालट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढायचा. त्याच्या दारात जाऊन ती पचकन थुंकली. "तुमचा घाणेरडा धंदा माझ्या नातीला खातोय! लाज न्हाय वाटत?"

शिवप्पानं ती थुंकी पाहिली. "मामी, तुमच्याच घरातली धूळ धुऊन बघा की. ते काम तुमच्यावानी कुणाला येतंय?"

तिरीमिरीतच तिनं उंबऱ्याची, शिवप्पाच्या बाजूच्या खिडकीची, चुलीपाशची आणि पाळण्याखालची धूळ वेगवेगळी गोळा केली. एकेक धुतली, तळाचा गाळ कोळशावर ठेवून फुंकणीनं फुंकला. उंबऱ्यातून काही निघालं नाही, चुलीपाशीही नाही. खिडकीतून मोहरीएवढं. पाळण्याखालून मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा मणी निघाला. नख लावलं तर रुतलं. शिसंच.

पाळण्याजवळ तर ती रोज भट्टीवरून येऊन पदर झटकायची. झारेकऱ्याच्या घरात पदर दाराबाहेर झटकत नाहीत, सोन्याचा कण उकिरड्यात जाईल म्हणून. सासूनं लावलेली सवय. त्याच जमिनीवर पोर रांगायची, बोटं चोखायची.

कुणाच्या दारात थुंकून आलो आपण?

"अम्मा, कुठलं निघालं?" सून हमिदानं विचारलं.

"माझ्या पदरातलं."

एवढ्यात ताहेरा रांगत आली आणि नेहमीसारखा आजीचा पदर धरून तोंडाकडं नेऊ लागली. बिस्मिल्लाबीनं तो असा हिसकला की पोर पाठीवर आपटली आणि रडू लागली. उचलून घ्यायला तिचे हात पुढं झाले, तसे तिनं ते मागं घेतले.

"तू घे गं तिला," ती सुनेला म्हणाली.