एका वेळी एक ट्रॉली

माझं गाव कासुर्डी, तालुका दौंड. आजोळ भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात. आर्मीच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये वीस वर्षं काढली. एवढ्या नोकरीत घराजवळ पोस्टिंग एकदाच मिळालं. ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षीच्या पुरात आजोळच्या रस्त्यावरचा ओढ्याचा पूल वाहून गेला. आमच्या ट्रूपने चार दिवसांत तिथे बेली पूल टाकला. बेली पूल म्हणजे लोखंडी सांगाडे पिनांनी एकमेकांना जोडून केलेला तात्पुरता पूल. काम संपलं, ट्रूप परत गेला. देखरेखीला आम्ही पाच जण उरलो. मी हवालदार, म्हणून कमांडर मी. निघताना कॅप्टन साहेब एवढंच म्हणाले, "हवालदार, बोर्ड पाळा."

बोर्डावर लिहिलं होतं, एका वेळी एक ट्रॉली. तो रंगवला होता माझ्या हाताखालच्या नाईक बलविंदर सिंगने. मी मराठी अक्षरं खडूने काढून दिली आणि त्याने ती चित्र काढावं तशी गिरवली. तो पंजाबचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मला उस्ताद म्हणायचा. मराठीतला एकच शब्द त्याला नीट येत होता, 'थांबा'. लाल झेंडी घेऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहायचा आणि ओरडायचा, "थांबा, आप्पा, थांबा!" चहा घेऊन येणाऱ्या बाया त्याला चिडवायच्या, "सरदारजी, दुसरा बी एखादा शबुद शिका की!" तो हसून म्हणायचा, "इतना काफी है."

हंगाम उसाचा होता. ट्रॅक्टरमागे भरलेल्या दोन ट्रॉल्या असायच्या. नियमाप्रमाणे मागची ट्रॉली सोडायची, पुढची पलीकडे ठेवून यायची, मग मागची न्यायची. एका ट्रॅक्टरला वीस मिनिटं लागायची आणि रांग पार गावाबाहेरच्या वडापर्यंत जायची. सकाळी सात ते साडेसात पूल बंद असे. बलविंदर खाली उतरून हातोडीने एकेक पीन ठोकून बघायचा, पीन निसटू न देणारी क्लिप जागेवर आहे का तेही बघायचा.

नवव्या दिवशी माझे मामा आले.

"भाच्या, दोन दिस ऊस तोडून पडलाय. वाळाय लागला. कारखान्यात आजच नंबर लागलाय. दोन्ही ट्रॉल्या संगं जाऊ दे."

"मामा, बोर्ड वाचला न्हवं तुम्ही?"

"वाचला की. आरं, तूच लिवलाय त्यो. एक डाव जाऊ दे."

लहानपणी प्रत्येक सुट्टीत या माणसाने मला खांद्यावरून मळ्यात नेलं होतं. त्याला नाही कसं म्हणायचं? मी झेंडी खाली घ्यायला लावली. बलविंदर माझ्याकडे बघत राहिला, पण त्याने झेंडी खाली घेतली. पूल मधोमध थोडा दबला आणि पुन्हा वर आला. माझ्या पाठीला घाम सुटला होता. पलीकडून मामा ओरडले, "बघ, झालं का काय?"

दुसऱ्या दिवशी बाकीचे म्हणाले, मामाची गेली तर आमची का न्हाई? त्यांचंही बरोबरच होतं. आठवडाभरात मागची ट्रॉली सोडायचं सगळ्यांनीच बंद केलं. लोक त्याला 'भाच्याचा पूल' म्हणू लागले आणि मला ते आवडायचं. सकाळचा बंद अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आला. मग वाहतूक चालू ठेवूनच तपासणी होऊ लागली. असा हुकूम कुणी दिला नव्हता. रिक्रूटच्या बुटाची नाडी सैल दिसली तरी मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावत असे, आणि इथे मला काही खटकत नव्हतं. रोज भीती थोडी कमी होत होती. त्यालाच मी अनुभव समजत होतो.

एका संध्याकाळी बलविंदर म्हणाला, "उस्ताद, पुल की आवाज़ बदल गई है."

"फळ्या ढिल्या झाल्यात. परवा कसू."

विषय तिथेच संपला. मी सिनियर होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ०७२० ला तो खाली उतरला. ०७२५ ला वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"उस्ताद, बीच वाली एक पिन आधी बाहर निकली है. क्लिप नहीं है. पुल बंद करो. ओव्हर."

मामांचा ट्रॅक्टर पुलाच्या तोंडाशी आला होता. मागे दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या. रांगेतून हॉर्न वाजत होते.

"पाच मिनट. ये एक निकल जाने दो. ओव्हर."

वायरलेस पुन्हा खरखरला.

"ठीक है, उस्ताद. जाने दो. आउट."

त्याने बाहेर यायला हवं होतं. बाहेर ये, असं मीही म्हणालो नाही. अर्धी बाहेर आलेली ती पीन तो हातोडीने आत ठोकत होता. ठोके मला ऐकू येत होते.

०७२८ ला पूल मधोमध तुटला. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचा पाय मोडला, तो वाचला. उसाखालून आणि लोखंडाखालून बलविंदरला काढायला आम्हाला दोन तास लागले. हातोडी त्याच्या हातातच होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं खरं सांगितलं. मामा गावाहून गाडी बदलत बदलत आपणहून आले आणि म्हणाले, "साहेब, मागणारा मी हुतो." पण देणारा मी होतो. शिक्षा झाली, प्रमोशन थांबलं. हवालदार म्हणूनच निवृत्त झालो. त्याची तक्रार नाही.

रजा मिळाल्यावर बलविंदरच्या गावी गेलो. त्याच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "उसने बताया नहीं था?"

"बताया था," मी म्हणालो.

म्हातारा उठून आत गेला. मला वाटलं, आता बाहेर यायचा नाही. तो ताट घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवलं. मी तुकडा मोडला. तो समोर बसून राहिला.

आता शिरूरकडच्या एका कारखान्यात सेफ्टीला आहे. महिन्यातून एकदा तरी कुणी कामगार मला म्हणतो, "मामा, रोज तर असंच चालतंय, कुठं काय झालं?" मी मशीन बंद करतो. शिव्या खातो. मग त्यांना नाईक बलविंदर सिंगचं नाव सांगतो. त्याला मराठीतला एकच शब्द येत होता. त्या सकाळी तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.