अकरावीला सोडलेलं गणित

आता मी मेडिकलला आहे म्हणून हे हसत सांगते. दहावीनंतर मात्र आमच्या घरात गणितावरून जे भांडण झालं, ते अख्ख्या नंदनवन वस्तीला ऐकू गेलं असेल.

डॉक्टर व्हायचं, यावर वाद नव्हताच. पण आमच्याकडे हुशार पोरगी अकरावीला बायोलॉजीसोबत गणितही ठेवते. मेडिकलला नंबर नाही लागला तर इंजिनिअरिंग आहेच, असं सगळेच म्हणतात. गणिताचं पुस्तक दिसलं की मी ते उशीखाली सारायचे. मी ठरवलं, गणिताऐवजी फिशरी घ्यायचं. म्हणजे मत्स्यशास्त्र. अभ्यास कमी, मार्क भरपूर, उरलेला वेळ नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला.

बाबा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात मशीनवर आहेत. त्यांच्या लेखी मोठा माणूस म्हणजे इंजिनिअर साहेब.

"डॉक्टर होऊन राहिली का मासे पकडून राहिली?"

"बाबा, मले इंजिनिअर व्हायचंच नाही."

"नको होऊ. पण रस्ता काहून बंद करून राहिली वं?"

मीही हट्टी. आमचं बोलणं बंद झालं आणि बिचाऱ्या आईला निरोप पोचवत बसावं लागलं. अॅडमिशनच्या दिवशी मी कॉलेजच्या खिडकीवर फिशरी म्हटलं तेव्हा तिथल्या क्लार्कनं चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं.  बाबांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

पुढं बाबांना त्यातही मजा यायला लागली. बाजारात मला पुढं करायचे. "माही पोरगी शिकून राहिली," असं कोळणीला सांगायचे. मी रोहू माशाचे कल्ले उघडून बघायचे, तो ताजा निघाला की बाबांची कॉलर ताठ.

बारावीनंतर नीटचा निकाल आला. नंबर लागला नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकू चहाला आल्या. "गणित ठेवलं असतं तं इंजिनिअरिंगले तरी लागली असती. पोरीनं ऐकलं नाही नं तुमचं."

मी स्वयंपाकघरात उभी होते. खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "ते ठेवूनच राहिली होती. मीच सोडाले लावलं."

काकू गेल्यावर मी बाहेर आले. रडून रडून नाक लाल झालं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, दारामागची पिशवी काढली.

"पुन्हा बसशीन नं परीक्षेले?"

"बसीन."

"मंग चाल बाजारात. मले नाही समजत रोहूतलं."