स्वस्थ म्हणजे कुठे राहणारी?
"आजी, जरा स्वस्थ बसा," दंडाला पट्टा गुंडाळत नांदेडचा डॉक्टर म्हणाला आणि मला नायगावची आमची ओसरी आठवली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. नवरा सकाळीच उमरीला गेला होता. दुपारी गोदावरी चढली, पुलावरून पाणी गेलं आणि दिवे लागले तरी पलीकडून एकही गाडी आली नाही. वाऱ्याला गाळाचा वास येत होता. मी चुलीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्वस्थ बस की." मॅट्रिकला संस्कृत घेतलेली मी मोठी पंडिता, तशाही वेळी जीभ गप्प बसेना. म्हटलं, "आत्याबाई, स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहणारा. आपल्यातच राहतो तो स्वस्थ." "हाव का? मंग तू कुठं राहून राहिलीस? उमरीत?" मी अशी चिडले, की काहीतरी झणझणीत सुनवायला त्यांच्याकडे वळले. त्या लयीत सूप पाखडत होत्या, आणि सुपात एक दाणा नव्हता. मी त्यांच्याशेजारी टेकले. नवरा दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी उतरल्यावर, चिखलाचे पाय घेऊन आला; तोवर आम्ही सासूसुना उमरीतच मुक्कामाला होतो. आता लेक पुण्याला असते, नातू हैदराबादला, आणि कुणी माझा पत्ता विचारला की माझी पंचाईत होते.