डाव्या बाजूचा खेळाडू

चिठ्ठी मीच उचलली. उघडली तर आत एकचा आकडा. म्हणजे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या सहा संघांमध्ये सगळ्यात पहिलं नाव आम्ही घ्यायचं.

आमची बास्केटबॉलची लीग साधी होती. लिलाव वगैरे नव्हता. खेळू इच्छिणाऱ्यांची यादी निघायची आणि संघांनी आळीपाळीने एकेक नाव उचलायचं. प्रत्येक संघाला बाहेरचा एक खेळाडू चालायचा. त्या वर्षीच्या यादीत एका नावापुढे उंची लिहिली होती, सात फूट एक इंच. बाकी कुणाची उंची लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती.

निवड आठ दिवसांनी होती आणि ठरवणारे आम्ही तिघं. मी पेडण्याच्या एका हायस्कुलात पीटी शिकवतो. दुसरे संघाचे मालक. सुर्ल्याचे, खाणीवर त्यांचे ट्रक चालतात, त्यांना सगळे शेट म्हणतात. तिसऱ्या डिचोलीच्या एक निवृत्त नर्स. तरुणपणी त्या राज्याच्या संघातून खेळल्या होत्या. त्यांना अजूनही सगळे सिस्टरच म्हणतात.

तो उंच मुलगा मोरजीला आईबरोबर भाड्याच्या घरात राहायचा. रशियाकडच्या कुठल्यातरी थंड मुलखातला, वीस वर्षांचा. यादी निघायच्या आधीच मी त्याला एकदा पाहिला होता. चोपड्याला नदीच्या कडेने स्कूटरवरून चाललो होतो. दुपारची ओहोटी होती. खारफुटीच्या झाडोऱ्यावरून एक डोकं आणि खांदे दिसले. कुणीतरी होडीत उभा आहे असं मला वाटलं. झाडोरा संपला तेव्हा दिसलं, होडी नव्हतीच. तो चिखलात घोट्यापर्यंत रुतून उभा होता. मी हॉर्न वाजवला. त्याच्या अगदी बाजूने गेलो. त्याने डोळाही हलवला नाही.

मोरजीत त्याच्याबद्दल वेगळीच बोलणी चालायची. माडावर चढून सूर, ताजी माडी, काढणारा एक म्हातारा होता. त्याने वरून ह्याला तिन्हीसांजेला सीमेवरून चालताना पाहिला आणि गावचा राखणदारच दिसला असं धरून चालला. आमच्याकडे राखणदार, गाव राखणारा देव, उंचच असतो, गावाची सीम फिरतो. म्हाताऱ्याने दर बुधवारी सीमेवरच्या दगडावर रोट आणि विडी ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी रोट नसायचा. पुढे त्या मुलानेच मला हसत सांगितलं, की शेजारी फार चांगले आहेत, भाकरी ठेवतात. विड्या मात्र त्याने एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या कशासाठी आहेत ते त्याला कळलं नव्हतं.

शेटनी त्याची परीक्षा सुर्ल्याला ठेवली. बंद पडलेल्या एका खाणीची कामगार वसाहत होती. खोल्यांची दारं काढून नेलेली, पण बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट शाबूत. त्यावर लाल धुळीचा थर. कोर्टाच्या डाव्या बाजूला तारेचं कुंपण होतं. ते एका ठिकाणी तुटलं होतं, आणि पलीकडे जमीन उतरत जाऊन खाणीचा खड्डा. खड्ड्यात हिरवं पाणी. तिथे एक वॉचमन होता. आम्ही गेलो तेव्हा तो कोर्टाकडे पाठ करून खुर्चीवर बसला होता, आणि शेवटपर्यंत तसाच बसला.

दुपारचे तीन वाजले होते. मुलाबरोबर खेळायला मी चार जुने खेळाडू बोलावले होते. एक बँकेतला, एक पंचायतीतला, दोघं बस चालवणारे. पहिली दहा मिनिटं शेट नुसते हसत होते. मुलगा उडी न मारता चेंडू रिंगमध्ये ठेवत होता, आपण फडताळात डबा ठेवतो तसा.

मग बँकेतल्या गड्याने उजवीकडून हाक मारून त्याला पास दिला आणि चेंडू त्याच्या कानावर आदळला. त्याने हातच वर केला नव्हता. पुन्हा एकदा तसंच झालं. वाऱ्याने नीट ऐकू आलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. वारा नव्हता.

त्यानंतर चेंडू हातात आला की तो डावीकडे पास द्यायला लागला. डावीकडे कुणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर, कुंपणाच्या त्या भगदाडातून पलीकडे. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी खेळ थांबवला.

"कोणाला देत होतास?" मी इंग्रजीत विचारलं.

"त्याला." त्याचं इंग्रजी मोडकं होतं. "तो मोकळा होता."

"कोण तो?"

त्याने मान न वळवता डावा हात लांब केला. "इथे उभा असतो. मी बघायला वळलो की जातो. म्हणून मी वळत नाही."

पंचायतीतल्याने चप्पल पायात सरकवली.

चेंडू आणायला मीच गेलो. भगदाडातून वाकून पलीकडे उतरलो. तिथली जमीन सरळ पाण्याकडे उतरती आहे, पायाखालचे खडे घरंगळत खाली जात होते. चेंडू काठापासून हातभर अलीकडे होता. त्याच्याखाली दगड नव्हता, गवताची काडी नव्हती. उतारावर तो नुसता उभा होता. मी तो उचलला आणि मागे न बघता वर आलो. हे मी त्या दिवशी कुणालाही सांगितलं नाही.

वर सिस्टर मुलासमोर उभ्या होत्या. आधी त्यांनी त्याचे दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले, मग बुटांचं विचारलं. दर सहा महिन्यांनी नवे लागतात, तो म्हणाला. मग त्याला कट्ट्यावर बसवून त्या म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघ. बोट हललं की सांग." त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवत हलवत हळूहळू आत आणली. अगदी त्याच्या गालांजवळ येईपर्यंत तो काहीच बोलला नाही.

परत येताना आम्ही शेटच्या घरी थांबलो. बाल्कांवातल्या, पुढच्या ओसरीतल्या, सिमेंटच्या बाकांवर समोरासमोर बसलो. आतून चहा आणि पोदेराचे उंडे, म्हणजे पाववाल्याचे गोल पाव, आले. आत शिलाई मशीन चालू होती.

"पहिलो तोच घ्यायचो," शेट म्हणाले. "ह्यात बोलण्यासारखा काय आसा?"

"त्याला बाजूचं दिसत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"समोरचा दिसता मा? बास्केट समोरच आसता."

"शेट, वीस वर्षांच्या मुलाची उंची थांबते. ह्याची थांबलेली नाही. डोळ्यांच्या नसा डोक्यात जिथे एकत्र येतात, तिथे काहीतरी वाढतंय असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही. पण अशी एक बाई मी वॉर्डात बघितली होती. हात इतके वाढले, की बांगड्या कापून काढाव्या लागल्या होत्या तिच्या."

"आणि तो डावीकडे उभा असतो तो?" मी विचारलं.

"जिथे दिसत नाही, तिथे मेंदू कधीकधी आपलं काहीतरी भरतो. एका पेशंटला कोपऱ्यात कायम मांजर बसलेलं दिसायचं. वेडा नव्हता तो."

शेटनी उंड्याचा तुकडा चहात बुडवला. "तो वॉचमन सात वर्सां त्या कोर्टाक पाठ करून बसता. त्याच्या डोक्यातय वाढता काय?"

सिस्टरनी कप खाली ठेवला. आतली शिलाई मशीन थांबली होती. आम्ही बोलतोय ते शेटच्या बायकोने ऐकलं असावं.

थोड्या वेळाने शेट म्हणाले, "आमी नाय घेतलो तर दुसऱ्या नंबराचे त्याका उचलतले. ते खेळवतले. मग?"

"सगळ्यांना सांगायचं, मुलगा आजारी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"मग त्याला कुणीच घेणार नाही," मी म्हटलं. "आणि उद्या तुमचा अंदाज चुकला तर?"

"चुकला तर मला आनंदच होईल, सर."

तेव्हा मी मनात आलेलं बोलून टाकलं. पहिलं नाव त्याचंच घ्यायचं, म्हणजे दुसरं कुणी घेणार नाही. आणि त्याला खेळवायचं नाही.

शेट माझ्याकडे बघतच राहिले. "पहिलो नंबर बाकावर बसवायचो? सर, तुमका बरा आसा मा?" ते उठून आत गेले ते परत बाहेर आलेच नाहीत. आम्ही दोघं चहा संपवून निघालो.

दोन दिवसांनी मी मोरजीला त्यांच्या घरी गेलो. मुलगा समुद्रावर गेला होता. आई कम्प्युटरवर भाषांतराचं काम करत होती. ठेंगणी, बारीक बाई. मी सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त कम्प्युटर मिटला.

जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. ताटं तीन होती.

"कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

"तो मांडायला सांगतो," ती म्हणाली. "पावसाळ्यापासून. मी विचारत नाही. डाव्या बाजूला मांडते."

त्या तिसऱ्या ताटात भात वाढलेला होता. मी खुर्ची जरा मागे सरकवली.

डॉक्टरकडे जायला तो तयार नाही, असं तिने सांगितलं. त्याचा बाप हॉस्पिटलात गेला तो परत आला नव्हता. "पण त्याला खेळायचं आहे. संघाने सांगितलं, आधी तपासणी, तर तो कुठेही येईल."

निवड पेडण्याला एका सभागृहात झाली. शेट येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले. माझ्या शेजारी बसले आणि समोर बघत पुटपुटले, "घे. पण खेळवायचो." मी यादीची घडी उलगडली. पुकारा झाला. मी उभा राहिलो आणि त्या मुलाचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा मागच्या रांगेत उभा होता. त्याने दोन्ही हात वर केले तेव्हा पंख्याला लागतील म्हणून लोक ओरडले. मग तो डावीकडे जरा वाकला आणि हळूच काहीतरी बोलला. तिथे नुसती भिंत होती. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली. सिस्टरचा अंदाज बरोबर निघाला. गाठ होती, बोराएवढी. सरकारी हॉस्पिटलात नाकातून शस्त्रक्रिया झाली. आम्ही त्या मोसमात पाचही सामने हरलो. पहिला नंबर खेळला नाही हे दोन्ही तालुक्यांत चहाच्या टपऱ्यांवर पुरलं. शेट माझ्याशी मोसमभर बोलले नाहीत. पण मुलाच्या आईला मोरजीहून हॉस्पिटलात न्यायला आणायला रोज त्यांची जीप जायची. हे मला ड्रायव्हरकडून कळलं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्यासाठी दोन खाटा टोकाला टोक लावून जोडल्या होत्या. नाकात कापूस. मी दारातून त्याच्या बाजूने आत शिरलो, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याची नजर माझ्यावर आली. "सर," तो म्हणाला.

मला फार बरं वाटलं. सिस्टर बरोबर होत्या, ते झालं, संपलं, असं मी मनाशी म्हटलं.

तो बराच वेळ खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. आता मान वळवून, मोकळेपणाने.

"गेला," तो म्हणाला. "आता मी वळलो तरी तिथे कुणी नसतं."

"बरं झालं की."

"तो चांगला खेळायचा, सर." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, औषधाचं की कशाचं ते कळलं नाही. "मी दिलेला एकही पास त्याने सोडला नाही."

वॉर्ड माणसांनी भरलेला होता. बाहेर नारळपाणीवाला ओरडत होता. तरीही खिडकीकडे बघायचं मी टाळलं. मी आणलेली केळी टेबलावर ठेवली आणि दहा मिनिटांत निघालो. अजून थोडं बसायला हवं होतं.

उन्हाळा संपायच्या आत ते दोघं आपल्या देशी परतले. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. टॅक्सीत पुढची सीट काढून त्याच्या पायांना जागा केली होती. गाठ गेली होती, उंची वाढायची थांबली होती. वर्षभर धावपळ करायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सामान उतरवून झाल्यावर आई रांगेत जाऊन उभी राहिली. तो माझ्यासमोर उभा राहिला. मान मागे टाकल्याशिवाय मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"एक विचारू, सर?" तो म्हणाला. "पहिलं नाव माझं घेतलं. मी बरा असतो तर मला खेळवलं असतं?"

"असतं की," मी म्हटलं.

"आणि मी आजारी आहे ते तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

आईने रांगेतून त्याला हाक मारली. तो हलला नाही.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली, बॅगा उचलल्या आणि आत गेला. काचेच्या दाराशी तो वाकला, सगळ्या दारांशी वाकायचा तसा. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने काढलेली सीट परत बसवायला गाडी थांबवली. मी उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. त्याला खरं सांगायला काय हरकत होती, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.